मुका डबा

माग कळायला कान लागत नाहीत, हात पुरतो, असं साईनाथ छाती ठोकून सांगायचा. वडगावात कुणाचाही माग बिघडला की तो मिस्त्र्यासारखा कान टवकारून बसायचा नाही. मागाच्या लोखंडावर तळहात ठेवायचा, डोळे मिटायचा आणि सांगायचा, "डावीकडलं बेअरिंग गेलंय बघा." उघडून बघावं तर ते गेलेलंच असायचं. गल्लीत त्याला याबद्दल मान होता. आणि एकदा मान मिळाला की माणसाला वाटायला लागतं, आपला हात जिथं जिथं ठेवू तिथं तिथं खरंच बोलणार. सगळा घोळ तिथनंच झाला.

साईनाथच्या घरचे चार माग. मागच्या अंगाला शेड, पुढं राहतं घर आणि दोन्हीच्या मधे एक काचेची खिडकी. लहानपणापासून तो शेडमधेच वाढला. चार माग एकदम धडधडायला लागले की शेजारी उभ्या माणसाचं बोलणंसुद्धा कानावर येत नाही. म्हणून इथली माणसं ओठांवरनंच बोलणं ओळखतात. पलीकडच्या भिंतीशी उभा असलेला माणूस नुसतं तोंड हलवून चहा मागतो आणि त्याला चहा मिळतो. आणि जे ओठांवरनंही कळत नाही, त्याला साईनाथकडं एक सोपा उपाय होता. मान हलवायची आणि "व्हय" म्हणायचं. "व्हय" म्हटलं की समोरचा गप्प होतो आणि आपलं काम पुढं सरकतं. शेडमधे लागलेली ही सवय बाजारात, लग्नात, बँकेत, सगळीकडं त्याच्याबरोबर हिंडत होती, आणि त्याला तिचा पत्ताच नव्हता.

बायको रक्षा कोगनोळीची. डी.एड. झालेली, वाचायची हौस दांडगी. एका खाजगी मराठी शाळेत सहा वर्षं शिकवत होती. पोरं कमी झाली, शाळा बंद पडली आणि बाई घरी बसली. घरी बसली म्हणजे सासूबरोबर मागाच्या सुताच्या कांड्या भरायला बसली. तोंडानं कधी कुरकुर केली नाही, पण पेपर आला की भाजी चिरताना मोठ्यानं वाचायची, वर्गात वाचावं तसं. बायाक्का, म्हणजे साईनाथची आई, म्हणायची, "वाच गं, तेवढंच मला देशाचं कळतंय."

मग गेल्या साली तिच्या कॉलेजातल्या पूर्णिमाचा फोन आला. पूर्णिमा पुण्यात एका संस्थेत होती. अंध मुलांसाठी शाळेची पुस्तकं आवाजात भरायची होती, बारा पुस्तकं, वर्षभराचं काम. आधी दहा मिनिटांचा नमुना पाठवायचा, तो पसंत पडला की झालं. रक्षा त्या दिवशी जेवली नाही, इतका तिला आनंद झाला. पुन्हा वर्गात उभं राहायला मिळणार, आणि तेही असल्या पोरांसमोर, ज्यांना तिच्या आवाजाशिवाय पुस्तकच नाही. हे काम तिला हवं होतं, दुसरं काही नको होतं.

अडचण एकच. घरातला जुना कॉम्प्युटर चालू केला की पिठाची गिरणी लावल्यासारखा घरघरायचा.

"मी करून देतो तुला," साईनाथ म्हणाला. "असा डबा करतो, की चालू हाय का बंद हाय ते हात लावल्याबिगर कळायचं न्हाय."

आणि त्यानं केला. तीन महिने खपून केला. वडिलांचा, नागोजींचा, हातमाग माळ्यावर पडून होता. त्याचं सागवान उतरवलं, रंधलं आणि त्याचं कॅबिनेट केलं. मोठा पंखा घेतला, सावकाश फिरणारा. त्याच्याखाली मागाच्या धोट्याला थोपवणाऱ्या रबराचे तुकडे कापून बसवले, म्हणजे हादरा लाकडात उतरायला नको. आतनं गादीचा फोम चिकटवला. हवा जायला पुढच्या फळीला भोकं पाडायची होती, ती त्यानं उगीच ओळीनं नाही पाडली. रक्षाच्या लग्नातल्या साडीचा काठ कागदावर उतरवून घेतला आणि त्या नक्षीबरहुकूम तीनशेच्या वर भोकं हातानं पाडली. दोन बोटांना फोड आले. ते रक्षानं बघितले आणि खोबरेल लावलं.

पॉवर सप्लाय तेवढा शहापुरातल्या भरमाकडनं जुना आणला. भरमा त्याचा शाळेतला दोस्त, कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवणारा. दुकानात त्यानं तो पॉवर सप्लाय जोडून चालू करून दाखवला आणि खाली वाकून वायर सोडवता सोडवता काहीतरी बोलला. साईनाथला त्याचं टक्कल तेवढं दिसत होतं.

"व्हय," साईनाथ म्हणाला.

भरमानं मान वर करून विचारलं, "चालंल न्हवं मग?"

"चालतंय की."

सोमवारी सगळ्या गल्लीचे माग बंद असतात. त्या सोमवारी नारळ फोडून डबा सुरू केला. शेजारपाजारची दहा-बारा माणसं बघायला आली. साईनाथनं कॅबिनेटवर तळहात ठेवला, डोळे मिटले. काही लागलं नाही, थरथर म्हणून नाही. हाताला लागत नाही म्हणजे आवाज नाही. आयुष्यभर हेच माप त्यानं वापरलं होतं.

"येतोय काय आवाज?" त्यानं सगळ्यांना विचारलं.

मागनं समोरच्या घरातली जयाबाई काहीतरी बोलली. सगळे हसले. साईनाथही हसला. रक्षा हसली नाही. ती लगबगीनं पुढं आली आणि सगळ्यांच्या हातावर पेढे ठेवायला लागली.

पहिला नमुना गेला आणि आठ दिवसांत परत आला. वाचन उत्तम, पण मागं सतत एक बारीक आवाज आहे, असं लिहिलं होतं. साईनाथ म्हणाला, गल्लीतले माग असतील, सोमवारी कर. रक्षानं सोमवारी केला, चार गोधड्या भिंतीला टांगून. तोही परत आला. या वेळी लिहिलं होतं, आवाज शिटीसारखा आहे.

आता माग तर बंद होते. डब्यावर हात ठेवावा तर डबा गप्प. मग शीळ येणार कुठनं? साईनाथनं विचार केला आणि त्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. रक्षाच्या पुढच्या दोन दातांत फट होती.

"तुझ्या दातातनं येतीया ती," तो म्हणाला. "स म्हणताना शीळ वाजती तुझी." हे तो घरात म्हणाला असता तर एक वेळ चाललं असतं. तो म्हणाला दारात, जयाबाई आणि आणखी दोघी उभ्या असताना. वर हसून म्हणाला, "मशीन मी मुकं केलं, आता बायकोच्या दातांना काय करू?"

रक्षाचा चेहरा उतरला. दोन दिवसांनी एकटीच जाऊन दातांच्या डॉक्टरला दाखवून आली. डॉक्टर म्हणाला, काही दोष नाही. त्या दिवसापासून मात्र ती साईनाथसमोर बोलताना तोंडाला पदर लावायला लागली. पदर लावला की तिचं बोलणं त्याला समजेना. तोंडातल्या तोंडात पुटपुटती, रुसलीया, असं तो धरून चालला आणि वर तिलाच म्हणाला, "नीट बोल की, तोंड उघडून."

पूर्णिमानं संस्थेकडनं आणखी एक संधी मागून घेतली होती. शेवटची. बुधवारी दुपारी बाराच्या आत नमुना पोचायला हवा. सोमवार आला आणि गेला. रक्षानं नमुना भरला, पण पाठवला नाही.

बुधवारी सकाळी नऊच्या सुमारास साईनाथ शेडमधे होता. चारी माग चालू होते. खिडकीच्या काचेतनं सोप्यात बसलेल्या दोघी त्याला दिसत होत्या. बायाक्का कांड्या भरत होती, रक्षा शेजारी मोबाईल घेऊन बसली होती. सासूसमोर ती पदर लावत नव्हती. साईनाथनं सहज तिकडं बघितलं. आणि चार मागांच्या धडधडाटात, काचेपलीकडलं बोलणं त्याला अक्षर न् अक्षर कळलं.

बायाक्का म्हणत होती, "सांग की गं त्याला. डबाच शीळ घालतोय म्हणून. पहिल्या दिवशी जयाबाई बोलली, समदी हसली, त्यो बी खुळ्यावानी हसला."

रक्षा म्हणाली, "ते म्हणतील, कुठं घालतोय? मग काय सांगू, आत्ती? तुम्हाला ऐकू येत नाही म्हणून?"

"मग दातात खोट हाय म्हणून तू गल्लीत खाली मान घालून हिंडणार व्हय?"

"असू दे. माझ्या दाताचं काय एवढं. पण त्यांनी बोटांना फोड आणून केलंय ते. आता कळवून टाकते पूर्णिमाला, माझ्यानं होत नाही म्हणून. दुसरं कुणीतरी बघा म्हणावं."

साईनाथ जागच्या जागी उभा राहिला. शेजारच्या मागावर धागा तुटला होता आणि माग तसाच विणत होता. वीतभर साडी बिघडली तरी त्याचं लक्ष गेलं नाही.

लाज कशी असते ते त्याला त्या घटकेला कळलं. कान तापले, मान तापली. ऐकू येत नाही याची लाज वेगळी. मागावरच्या माणसाचे कान जायचेच, त्यात काय चोरी केली? लाज होती ती दुसऱ्याच गोष्टीची. भरमा खाली वाकून बोलला तेव्हा काय बोलला ते आपल्याला कळलं नव्हतं, आणि कळलं नाही हे आपल्याला माहीत होतं. तरी "व्हय" म्हटलं. जयाबाई काय बोलली ते कळलं नव्हतं. तरी हसलो. आणि मग एवढं करून, भर दारात, बायकोच्या दातावर बोट ठेवलं. रक्षा नेहमी समोर येऊन, खांद्याला हात लावून मगच बोलायची. पाठीमागनं हाक मारायची नाही. ही कोगनोळीची रीत, माझ्या बायकोचं वळण बघा, असं तो मित्रांत मिरवायचा. ते वळण नव्हतं. ती नऊ वर्षं त्याला सांभाळून घेत होती.

त्यानं माग बंद केले आणि सोप्यात आला. ओठांवर आलेलं सांगून टाकावं की नाही? नाही जमलं. एवढं होऊनही जमलं नाही.

"काय कळवू नकोस पुण्याला," तो भिंतीकडं बघत म्हणाला. "एक वायर ढिली हाय आतली. मी आलोच."

वायर ढिली. घ्या, पुन्हा खोटं. रक्षानं त्याच्याकडं बघितलं आणि मोबाईल खाली ठेवला. त्यानं डबा उघडला, पॉवर सप्लाय काढला, पिशवीत घातला आणि गाडीला किक मारली.

भरमा नुकतं दुकान उघडून उदबत्ती लावत होता. साईनाथनं पिशवी काउंटरवर ठेवली.

"दुसरा दे. ह्यो वाजतोय."

"मग मी काय म्हणालोतो?" भरमा म्हणाला. "किरकिरतोय, घरात ऐकून बघ, लई वाटला तर परत आण. तू व्हय म्हणालास. मला वाटलं, चालतंय तुला." त्यानं आतनं एक नवा खोका आणला, जोडला, चालू केला. "बघ आता. येतोय काय आवाज?"

साईनाथचा हात आपोआप पुढं गेला आणि मधेच थांबला. तोंडात "न्हाय" आलंच होतं. ते त्यानं गिळलं.

"मला म्हाईत न्हाय," तो म्हणाला. "मला ऐकू येत न्हाय, भरमा. बारीक आवाज येतच न्हाय. तूच ऐकून सांग."

इतक्या वर्षांत हे वाक्य त्यानं पहिल्यांदा उच्चारलं. भरमा खाली वाकला. त्यानं खोक्याला कान लावला, बराच वेळ लावून ठेवला. मग त्याच्या समोर येऊन, तोंड नीट दिसेल असं म्हणाला, "आयतु, झालं काम. गप हाय. घेऊन जा."

घरी येऊन जोडाजोड करेपर्यंत पावणेअकरा झाले. रक्षानं डबा चालू केला, कान दिला. "आता नाही येत," ती म्हणाली.

साईनाथ तिच्या तोंडाकडं बघत राहिला. हिचं खरं मानायचं कसं? त्याला वाईट वाटू नये म्हणून ही बाई स्वतःच्या दातात खोट मान्य करून बसली होती. आताही ती तसंच म्हणत असली तर? त्याला पडताळून बघायची सोय नव्हती. कान त्याच्याकडं नव्हते आणि बायकोचा शब्द त्यानंच निकामी करून ठेवला होता.

शिवाय बुधवार होता. गल्लीतले सगळे माग धडाडत होते. डबा गप्प झाला म्हणून काय, त्या गदारोळात रेकॉर्डिंग होणार कसं? सोमवारची वाट बघायला वेळ उरला नव्हता. होता तो सव्वा तास.

तो चप्पल न घालताच समोरच्या घरी गेला. जयाबाईच्या शेडमधे दोन माग चालले होते. त्यानं हातानं खूण केली, थांबवा.

"जयाबाई, अर्धा तास माग बंद ठेवा. रक्षाला वाचायचंय."

"आणि आमची साडी कोण पुरी करणार?" जयाबाई म्हणाली. "सोमवारी वाचायचं की. तिच्या दाताचं काय झालं?"

आता पळवाट नव्हती. "तिच्या दातात काय न्हाय," साईनाथ म्हणाला. "माझ्या कानात हाय. डबा वाजत हुता, मला ऐकूच आलं न्हाय. तुम्ही बोललासा त्ये बी न्हाय आलं. मी उगाच हसलो. आणि नाव तिचं घेतलं, तुमच्याच म्होरं. चूक माझी हाय. माग बंद करा, आणि या, डबा वाजतोय का ऐकून मला खरं सांगा. ती खरं सांगायची न्हाय."

जयाबाईनं टोमणा मारला असता तर बरं झालं असतं. तिनं नुसती मान हलवली, बटणं बंद केली आणि पदराला हात पुसत रस्ता ओलांडला. आत जाऊन डब्याला कान लावून बसली. बाहेर येऊन म्हणाली, "मुका झालाय आता. पैल्यांदा शीळ घालत हुता, आता न्हाय." त्याला म्हणाली आणि मग आत तोंड करून रक्षालाही काहीतरी म्हणाली, जे त्याला कळलं नाही. त्यानं "व्हय" म्हटलं नाही.

त्यानंतर तो सगळ्या गल्लीत फिरला. सतरा घरं. प्रत्येक दारात तेच सांगायचं, माझं ऐकणं गेलंय, मी बायकोचं नाव घेतलं, अर्धा तास माग थांबवा. दहाव्या घरापर्यंत सवय होईल असं वाटलं होतं, ती झाली नाही. सतराव्या दारातही कान तितकेच तापले. कुणी हसलं, कुणी पाणी दिलं. एक म्हातारा म्हणाला, "माझं बी गेलंय की रं, कुणाला सांगतोस," आणि स्वतःच उठून माग बंद करून आला.

साडेअकराला साईनाथच्या पायाखालची फरशी थरथरायची थांबली. गल्ली गप्प झाली हे त्याला असं पायांना कळलं.

रक्षा गोधड्यांच्या आडोशाला माईकसमोर बसली. तो शेडमधे, काचेपलीकडं उभा राहिला. तिनं पदर खांद्यावर टाकला, तोंड उघडं. पाचवीचा परिसराचा धडा होता. समुद्र, सूर्य, वाफ, पाऊस. काचेतनं तिचे ओठ दिसत होते, दातांची ती बारीक फटही दिसत होती. "समुद्र" म्हणताना जीभ दातांशी कशी टेकते ते दिसत होतं. आणि बघता बघता त्याच्या ध्यानात आलं, की हा स आपण कधी ऐकलेलाच नाही. लग्न झाल्यापासून एकदाही नाही. जो कधी कानावर आलाच नाही, त्याला त्यानं चारचौघांत नाव ठेवलं होतं. तो खिडकीपासून बाजूला झाला आणि बिघडलेल्या साडीशेजारी खाली बसला.

बाराला दहा कमी असताना नमुना गेला. बाराला गल्ली पुन्हा धडधडायला लागली.

शुक्रवारी संध्याकाळी तो मागाला तेल देत होता. रक्षा आली. नेहमीसारखी वळसा घालून समोर आली, खांद्याला हात लावला, मोबाईल पुढं धरला. पुण्याचं पत्र होतं. आवाज स्वच्छ. बाराही पुस्तकं तिची.

साईनाथनं पत्र दोनदा वाचलं. आनंद झाला, खराच झाला, पण लाज काही उठून जाईना. त्यानं माग बंद केला, तेलाचे हात पुसले.

"कवापास्नं म्हाईत हाय तुला? माझ्या कानाचं?"

"लग्नानंतर दुसऱ्या महिन्यात कळलं."

"मग मला सांगायचं न्हाय व्हय?"

रक्षानं मोबाईल परत घेतला. मग तिनं तोंड वर केलं, त्याला ओठ नीट दिसतील असं, आणि सावकाश म्हणाली, "सांगितलं होतं की. तुम्ही व्हय म्हणालात."